परक्या देव्हाऱ्यातील छायाचित्र

मुलुंड पूर्व,
दि. ९ फेब्रुवारी २०२६

चिरंजीव सौरभ यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुरुंगाच्या टपालाने पाठवलेले नाही. तुझ्या वकील विनिता वैती ते भेटीत स्वतः तुझ्या हाती देतील. वाचून झाल्यावर त्यांच्याकडेच परत कर. बराकीत ठेवू नकोस.

इकडे सर्व यथास्थित आहे. तुझी आई मरोळच्या औद्योगिक वसाहतीतील उपाहारगृहात पूर्वीप्रमाणेच चपात्या लाटायला जाते. तुझ्या बहिणीची, अक्षताची, परिचारिका प्रशिक्षणाची परीक्षा जवळ आली आहे. ती अभ्यास करते, असे तिचे म्हणणे आहे. माझा गुडघा बरा आहे. बराकीत रात्री डास फार आहेत असे तू लिहिले होतेस; मलम पाठवले होते, ते आत येऊ दिले नाही.

तू विचारले होतेस, ‘काका, नक्की किती वर्षं?’ याचे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. आयुष्यभर विधी महाविद्यालयात पुरावा कायदा शिकवणाऱ्याने पुतण्याला मोघम धीर देणे शोभणार नाही.

दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिक हेतूने, त्याच्या संमतीवाचून काढून घेणे ही चोरी. ती करताना इजा केली, किंवा तत्काळ इजेची भीती घातली, की तिची जबरी चोरी होते. तेच कृत्य पाच किंवा अधिक जणांनी मिळून केले, तर तो दरोडा. येथे तिघे होते, असे फिर्याद म्हणते. म्हणून दरोडा नाही. परंतु जबरी चोरी करताना प्राणघातक शस्त्र वापरले, तर सात वर्षांहून कमी शिक्षा देण्याची मुभा न्यायाधीशांनाही नसते. हे कलम ज्याने शस्त्र वापरले त्यालाच लागू करावे, असा युक्तिवाद करता येतो, आणि तो आपण करणार आहोत. अडचण अशी, की साकीनाक्याच्या गल्लीत ज्याच्याकडून मोबाइलचे पार्सल हिसकावले गेले, त्या देवेश तावडेने ओळख परेडमध्ये सुरा लावणारा म्हणून तुझ्याच खांद्यावर हात ठेवला.

तुझ्याविरुद्ध याखेरीज काय आहे? मोटारसायकल तुझी होती. ती मित्र घेऊन गेला होता, असे तू सांगतोस. तो मित्र अद्याप सापडलेला नाही. सुरा मिळाला नाही. पार्सल मिळाले नाही. कॅमेऱ्यात तीन शिरस्त्राणे दिसतात, चेहरा एकही नाही. थोडक्यात, हा खटला देवेशच्या त्या एका हातावर उभा आहे.

तू प्रत्येक पत्रात विचारतोस, ‘तो मला कधी भेटलेला नाही, गल्लीत अंधार होता, मग रांगेतून त्याने मलाच कसं काढलं?’ अंधार होता हे तुला कसे ठाऊक, असे मी तुला विचारलेले नाही. फिर्यादीत ते नमूद आहे. तेवढे मला पुरेसे आहे, असे मी ठरवले आहे.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी टाळत आलो. ते मला जानेवारीत समजले.

नव्या वर्षाची दिनदर्शिका घेऊन मी तुमच्या खोलीवर गेलो होतो. जुनी खिळ्यावरून काढली, तेव्हा तिच्यामागे भिंतीवर रंग न उडालेला चौकोन दिसला. तेथे आयटीआयच्या समारंभातला, निळ्या शर्टातला तुझा फोटो असे.

‘मालन, फोटो कुठे गेला?’ मी तुझ्या आईला विचारले.

‘देवाकडे ठेवलंय.’

देव्हारा समोरच होता. त्यात फोटो नव्हता.

‘कुठल्या देवाकडे?’

ती भांडी विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, ‘तेंच्या. तावड्यांच्या.’

तू पोलीस कोठडीत होतास, तेव्हाची ही गोष्ट. तिने देवेशचे घर शोधून काढले. माणसे मालवणकडचीच निघाली. गावी असते तर हेच केले असते, असे ती म्हणते: ज्याचे नुकसान झाले त्याच्या दारी जायचे, त्याच्या देवापुढे नारळ ठेवायचा आणि त्याच्याकडूनच देवाला क्षमेचे गाऱ्हाणे घालून घ्यायचे. आपण घाडी, गावच्या देवळात लोकांसाठी गाऱ्हाणे घालण्याचा मान आपल्या घराण्याचा. घाड्यांची सून पदर पसरून उंबऱ्यात उभी राहिलेली पाहून देवेशचे वडील दत्ताराम यांना अवघडल्यासारखे झाले. त्यांनी तिला आत घेतले, पाणी दिले. ज्याच्यासाठी गाऱ्हाणे, तो तर कोठडीत. म्हणून त्याच्या जागी तिने पिशवीतून तुझा फोटो काढून दिला. दत्तारामांनी तो देव्हाऱ्यात नारळाशेजारी ठेवला आणि हात जोडले: ‘बा देवा म्हाराजा, ह्या माउलीच्या लेकरान जा काय केल्यान, ता पोटात घाल, आणि तेका वाटेर आण.’ घरातली सगळी ‘होय म्हाराजा’ म्हणाली. देवेशही म्हणाला. त्याच्या मनगटाला तेव्हा पट्टी होती.

तू सुटून आलास की तुझ्याच हाताने तो नारळ फोडायचा आणि फोटो घरी आणायचा, असे ठरले. म्हणून तो अजून तिथेच आहे. त्या घरी सांजवात देवेश लावतो.

ओळख परेड त्यानंतर दोन आठवड्यांनी झाली. तपासातील एक गोष्ट पोलिसांनी काटेकोरपणे केली होती: ओळख परेडपूर्वी साक्षीदाराच्या दृष्टीस पडू नये म्हणून तुझा चेहरा काळ्या कापडाने झाकून ते तुला नेत-आणत होते. त्याच दिवसांत तुझी आई तो चेहरा चौकटीत घालून साक्षीदाराच्या घरी ठेवून आली. यात कोणाचेही कपट नाही. देवेश खोटे बोलत नाही; तुझा चेहरा त्याला खरोखरच ओळखीचा वाटला. कुठून ओळखीचा, हे त्याला सांगता येणार नाही, इतकेच.

विनिताताईंना सांगितले, तेव्हा त्या खुर्चीतून उठल्याच. ‘सर, अहो, आधी फोटो बघितलाय त्याने! परेडची वाटच लागली ना मग. उरलं काय त्यांच्याकडे?’

त्यांचे म्हणणे कायद्याने बरोबर आहे. मीही वर्गात हेच शिकवत असे. मी म्हटले, आधी मालनला बोलावून तिची उलटतपासणी इथेच घेऊन पाहू. सरकारी वकिलाची भूमिका मी घेतो.

‘तुम्ही फिर्यादीच्या घरी कशासाठी गेलात?’ मी विचारले.

‘माफी मागूक.’

‘कशाची?’

‘झिलान केल्यान तेची.’

विनिताताईंनी पेन खाली ठेवले. ‘मावशी, असं नाही बोलायचं गं! फोटो दाखवून विचारायला गेले, हाच का तो नीट बघा, असं सांगायचं.’

‘पण मी ता विचारूक नाय गेलंय.’

‘माहितीय गं मला.’

‘मगे? थंय देवाची शपथ घालतत ना?’

मी पुढचा प्रश्न विचारायला नको होता. सरकारी वकील विचारणारच, म्हणून विचारला. ‘मुलानेच केले, असे तुम्हांला कशावरून वाटले?’

तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. ‘त्या सांजेक तो जेवूक बसलो,’ ती म्हणाली, ‘पण माझ्या तोंडाकडे बघूक नाय.’

यावर माझा आक्षेप तयार आहे. आईचा समज हा पुरावा नव्हे; मुलगा जेवताना कोणाकडे पाहत नव्हता, यावरून काहीही सिद्ध होत नाही. न्यायाधीश तो बहुधा मान्य करतील. पण वाक्य एकदा उच्चारले गेले की ते न्यायालयाच्या त्या खोलीत राहते, आणि तू त्या खोलीत असशील.

मी दुसरा मार्ग शोधला. आईला न बोलावता फोटोची गोष्ट देवेशच्याच तोंडून काढता येईल. तो नाकारणार नाही. परंतु फोटो तुमच्या घरी आला कसा, हे सरकारी वकील लगेच विचारतील, आणि तो सांगेल. वाट फिरून त्याच उंबऱ्यावर येते. फोटोचा उल्लेखच न करता खटला चालवावा, तर ओळख परेड अबाधित उभी राहते आणि सात वर्षे, कदाचित अधिक, समोर दिसतात. या तिन्हींपलीकडची वाट मला सापडलेली नाही. पुस्तके पुन्हा काढली, जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले. त्यांनी मला जे सांगितले, ते मीच त्यांना शिकवलेले होते.

मालन साक्षीला तयार आहे. तिची एकच अट होती: ‘भावजी, तेका भायेर बसवा त्या टायमाक.’ आरोपीच्या समक्षच पुरावा नोंदवायचा असतो, तो त्याचाच हक्क आहे, हे मी तिला समजावले. ‘हक्क’ हा शब्द तिने एकदा स्वतःशी उच्चारून पाहिला. मग म्हणाली, ‘तर तेका आधी सांगू नकात. सोळा म्हयने तो माझ्या नावार दिवस काढता.’

ते वचन मी दिले नाही. न्यायालयात, सगळ्यांसमोर, तुला हे प्रथमच ऐकावे लागू नये, म्हणून लिहीत आहे. ती तुझ्यावर रागावलेली नाही, हेही लिहून ठेवतो. तूच केलेस असे मानून ती परक्याच्या उंबऱ्यात वाकली, आणि तसे मानूनही दर बुधवारी भेटीला येते.

देवेशची साक्ष या महिन्याच्या २४ तारखेला आहे. फोटोचा प्रश्न विचारायचा की नाही, हे तू ठरव आणि विनिताताईंना सांग. माझे मत विचारशील तर विचारावा. परंतु हे वकिलाचे मत आहे. मालनच्या दिराचे मत मला अजून बनवता आलेले नाही.

बुधवारी ती येईल. हे पत्र तुला मिळाले आहे, हे तिला ठाऊक नसेल. काचेपलीकडे बसून नेहमीप्रमाणे विचारील, जेवलास का. तेव्हा तू तिच्या तोंडाकडे पाहशील, किंवा पाहणार नाहीस. त्याचा अर्थ ती लावील. तिथे कोणालाही आक्षेप घेता येत नाही.

मी त्या दिवशी सोबत येईन, पण बाहेरच थांबेन.

तुला आजवर न विचारलेला प्रश्न आजही न विचारता,
तुझा
लवूकाका