ट्वेटांच्या दातांवरचा डाग

कॉर्बिन फॉल्स, विस्कॉन्सिन
३ फेब्रुवारी १९५२

ती. सेल्मरदादास,
रॅग्नाचा सा. न. वि. वि.

आम्ही तिघंही खुशाल. एमिलच्या केशकर्तनालयातला नळ परवा गोठला, तेव्हापासून तो गिऱ्हाइकांच्या दाढ्या कॉफीच्या किटलीतल्या पाण्यानं करतोय आणि त्यालाच खास सेवा म्हणतोय.

आता मुख्य बातमी. आमच्या नगरपालिकेला गावाच्या पाण्यात फ्लोराइड नावाची पूड मिसळायची आहे. मुलांचे दात किडू नयेत म्हणून म्हणे. १ एप्रिलला, म्हणजे नेमका लोकांना मूर्ख बनवायच्या दिवशी, त्यावर मतदान आहे. मी म्हटलं, माझ्या कॉफीत काय पडणार ते मी ठरवीन, नगरपालिका कोण लागून गेली? एवढं बोलले आणि शुद्ध पाणी कमिटीची अध्यक्ष झाले. एमिलच्या मते, बैठका आमच्या घरी होतात आणि केक मी करते म्हणून झाले. त्याचं मनावर घेऊ नकोस. तो दुकानात दोन्ही बाजूंच्या लोकांपुढे मान डोलावतो, गिऱ्हाईक तुटायला नको ना!

तुझ्याकडे दोन कामं आहेत. दूध घालायला गावात येशील तेव्हा आपल्या विहिरीचं पाणी दोन कॅन भरून आण. बैठकीची कॉफी त्याच पाण्याची होईल. कुणी काही न मिसळलेलं पाणी कसं लागतं ते लोकांना कळू दे.

दुसरं काम नाजूक आहे. आमच्या मार्लिसचं लग्न जूनमध्ये ठरलं. मुलगा चीजच्या कारखान्यात आहे, नाव डेल, जरा लाजतो, पण जेवतो चांगलं. मार्लिसला लग्नात आपल्या आजीनं, बाबांच्या आईनं, नॉर्वेहून आणलेला चांदीचा ब्रोच घालायचा आहे, लोलकांचा, मी माझ्या लग्नात घातला होता तोच. बाबांकडे तू शब्द टाक. मी टाकला की त्यांना ऐकू येत नाही.

वहिनींना नमस्कार, अर्लीनला पापा. तुझा लोभ आहे तसाच राहू दे, आणि पाणी विसरू नकोस.

तुझी,
रॅग्ना


नॉर्थ रिज
१० फेब्रुवारी १९५२

चि. रॅग्ना हिस,
सेल्मरदादाचे अनेक आशीर्वाद.

पाण्याचे कॅन तुमच्या मागच्या दारी ठेवून आलो. आत तुझं भाषण चाललं होतं. रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं, म्हणून खुशाली वेगळी विचारली नाही.

ब्रोचचं बाबांपाशी काढलं. ऐकू आलं त्यांना, अगदी स्वच्छ. म्हणाले, ब्रोच आपल्या ट्वेटांच्या मुलीसाठी आहे आणि मार्लिसचे दात एमिलच्या घरचे, केसलरांचे आहेत. आता यावर मी काय बोलणार? बाबांच्या पुढच्या दातांवर तो तपकिरी डाग आहे, मला आहे, तुला आहे. आमच्या अर्लीनचे दुधाचे दात पडून डागाचे आले तेव्हा तर बाबांनी गावजेवण घातलं होतं. तुझी मार्लिस गावात जन्मली, गावात वाढली, तिचे दात पांढरेशुभ्र. बाबांचा हिशेब सरळ आहे. डाग नाही म्हणजे ट्वेटांचं रक्त उतरलं नाही. ब्रोच अर्लीनला द्यायचं त्यांनी जाहीर केलंय. अर्लीन अकरा वर्षांची आहे आणि तिला ब्रोच नको, वासरू हवंय.

मी फार वाद घातला नाही. डागाचा विषय निघाला की या घरात मलाच पळता भुई थोडी होते. आपल्या जमिनीवर वाट्यानं शेती करणारा गोर्स्की तुला माहीत आहे. अंगणापलीकडे त्याचं घर. त्याची तिन्ही पोरं हसली की दातांवर आपल्यासारखाच डाग दिसतो. तुझी वहिनी आर्डिस तोंडानं काही म्हणत नाही, पण ती पोरं अंगणात आली की भांडी आपटायला लागते. गोर्स्कीबाईंशी तिनं कित्येक वर्षांत धड शब्द बोललेला नाही. देवाशपथ सांगतो रॅग्ना, मी त्या बाईंशी हवापाण्यापलीकडे कधी काही बोललेलो नाही. पण पंचक्रोशी माझ्यापेक्षा त्या डागावर जास्त विश्वास ठेवते.

लोभ वाढवावा, आवाज वाढवू नये.

तुझा,
सेल्मरदादा


कॉर्बिन फॉल्स
२४ फेब्रुवारी १९५२

ती. दादास सा. न. वि. वि.

पांढरेशुभ्र म्हणे! पुढून पांढरे आहेत, मागच्या दाढा डॉ. प्रुइटनं एकेक करून चांदीनं बुजवल्या आहेत. बाबांना सांग, पोरीच्या तोंडात तुमच्या ब्रोचपेक्षा जास्त चांदी आहे. लेकीच्या लेकीला परकं म्हणायला जीभ कशी वळते त्यांची? मला फार लागलंय ते दादा, आणि मार्लिसनं तर दोन दिवस उशीत तोंड खुपसलं होतं.

कमिटी मात्र जोरात आहे. आपल्या पाण्याच्या कॉफीची गावभर कीर्ती झाली. आता आमचे सभासद आपापल्या बरण्या घेऊन येतात आणि ट्वेटांचं शुद्ध पाणी घरी नेतात. ओल्सनबाईंना खात्री आहे की फ्लोराइडनं कवळी विरघळते. पोस्टमास्तरांना आपल्या सोनेरी माशांची धास्ती आहे. एकानं तर ही रशियाची चाल असल्याचं सिद्ध केलं, पण केक संपल्यावर त्याला पुढचे मुद्दे आठवेनात.

मला एक कल्पना सुचली आहे. ८ मार्चला चर्चच्या तळघरात जाहीर सभा आहे. पलीकडच्या बाजूनं डॉ. प्रुइट बोलणार. आपल्या बाजूनं मी बाबांना उभं करणार. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत, आणि जन्मभर पाणी बिनपुडीचं. बाबांना अक्रोड फोडायला सांगायचे, बस्स. दोन दिवस ते आमच्याकडे राहतील, मार्लिस त्यांना लेफ्से, ती आपली बटाट्याची पातळ पोळी, लाटून वाढेल, आणि कदाचित ब्रोचही सुटेल. त्यांना असं सांग की लोकांना त्यांचे दात बघायचे आहेत. लगेच तयार होतील.

लोभाची मागणी नेहमीचीच.

तुझी,
रॅग्ना


कॉर्बिन फॉल्स
९ मार्च १९५२

ती. दादास सा. न. वि. वि.

काल तू असायला हवा होतास! गाईंना एक दिवस स्वतःचं दूध स्वतः काढायला सांगायचं होतंस.

तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. डॉ. प्रुइटनी दातांची चित्रं दाखवली, लोक जांभया देत होते. मग बाबा चढले. टोपी काढली, मिशी वर सारली आणि दातांनी अक्रोड फोडला. काडकन! पुढच्या रांगेतल्या बायका दचकल्या. दुसरा फोडला, तिसरा फोडला. लोक टाळ्या वाजवायला लागले तसा बाबांना चेव आला आणि त्यांनी रात्रीच्या केकसाठी ठेवलेली सगळी पिशवी संपवली. मी घोषणा दिली, हे आहे निसर्गाचं पाणी! नगरपालिकेचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

शेवटी डॉ. प्रुइट स्वतः बाबांजवळ आले आणि दात बघू का म्हणाले. बाबांनी मोठ्या मानानं जबडा उघडला. डॉक्टर बॅटरी लावून बघत राहिले. मग हा डाग कसला, असं विचारलं. बाबांनी ट्वेटांच्या रक्ताची सगळी कथा सांगितली. डॉक्टरांनी ती इतकी मन लावून ऐकली की मला वाटलं, हरला बिचारा. जाताना त्यांनी आपल्या पाण्याची एक बाटली मागून घेतली. मी म्हटलं, दोन घ्या. पराभूताशी उदार असावं.

ब्रोच मात्र सुटला नाही. बाबांनी मार्लिसच्या लेफ्से पाच खाल्ल्या, केसलरांच्या मानानं बऱ्या झाल्यात म्हणाले आणि झोपले.

विजयाच्या भरात अक्षर वाकडं आलंय, लोभ सरळ मानून घ्यावा.

तुझी,
रॅग्ना


नॉर्थ रिज
२१ मार्च १९५२

चि. रॅग्ना हिस अनेक आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच. केक भट्टीत असेल तर आधी काढून ठेव.

डॉ. प्रुइट आज मळ्यावर आले होते. त्यांनी आपलं पाणी मॅडिसनच्या प्रयोगशाळेत पाठवलं होतं. आपल्या विहिरीत फ्लोराइड आहे. कुणी टाकलेलं नाही, खालच्या खडकातूनच येतं. आणि नगरपालिका जेवढं मिसळणार आहे त्याच्या तिप्पट आहे. म्हणून बाबांचे दात दगडासारखे, आणि प्रमाण जरा जास्तच म्हणून तो डाग. लहानपणी दात हिरडीत तयार होत असताना जो हे पाणी पितो त्याला डाग पडतो, मग तो ट्वेट असो की आणखी कुणी. रॅग्ना, गोर्स्कीची पोरंही याच विहिरीचं पाणी पितात!

मी डॉक्टरांना आर्डिससमोर ते परत सांगायला लावलं. हळू, आणि मोठ्यानं.

म्हणजे मार्लिसला डाग नाही तो एमिलमुळे नाही, गावच्या नळामुळे. बाबांना सांगायचं तर हे सगळ्यांना कळणार, कारण बाबांच्या पोटात काही राहत नाही. डॉक्टर सज्जन आहेत, म्हणाले विहीर तुमची, गोष्ट तुमची, मी सभेत बोलणार नाही. कमिटी तुझी आहे. मी बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. तू म्हणशील तसं.

लोभ आहेच, आता धीरही असू दे.

तुझा,
सेल्मरदादा


कॉर्बिन फॉल्स
२४ मार्च १९५२

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र एमिलच्या दुकानात वाचून तिथल्या शेगडीत टाकायला उठले होते, त्यानं हातातून काढून घेतलं. वाचून तो इतका हसला की खुर्चीतल्या माणसाची एका बाजूची मिशी गेली.

दीड महिना मी गावाला किटल्या भरभरून फ्लोराइड पाजतेय, दादा! ओल्सनबाई तर दोन बरण्या नेतात. त्यांची कवळी अजून शाबूत आहे, हेसुद्धा आता मला त्यांना सांगता येणार नाही. फक्त आठवडा गप्प बसले तर मतदान आम्ही जिंकतो. ब्रोच नंतर बघता येईल, असं मनाशी म्हणून बघितलं. जमलं तर जमलं.

दोन दिवस काही लिहू नकोस. लोभ तूर्त झाकून ठेवला आहे.

रॅग्ना


कॉर्बिन फॉल्स
२ एप्रिल १९५२

ती. दादास सा. न. वि. वि.

सांगून टाकलं. रविवारच्या शेवटच्या सभेत.

शनिवारी मार्लिस लग्नाचा झगा घालून आरशासमोर उभी होती. मी दारातून बघत होते. ती हसायचा सराव करत होती, ओठ मिटून. मी विचारलं, हे काय नवीन? तर म्हणाली, लग्नाला आजोबा पुढच्या बाकावर बसतील, त्यांना माझे दात दिसायला नकोत. कसली कमिटी आणि कसलं काय!

सभेत उभी राहिले आणि दुधाचा कॅन पुढे ठेवून सगळं सांगितलं. मग ओल्सनबाईंनी कवळी काढून तपासली. रशियावाल्यानं विचारलं की रशियन आपल्या विहिरीपर्यंत पोचलेच कसे. मी राजीनामा दिला, तर कमिटीनं तो नामंजूर केला, कारण पुढच्या केकची जबाबदारी घ्यायला कुणी तयार नव्हतं.

निकाल तुझ्या कानावर आला असेल. फ्लोराइडचा ठराव पडला, अगदी थोडक्यात पडला. लोकांचं म्हणणं, ट्वेटांच्या विहिरीत फुकट मिळतंय तर ते मिसळायचं यंत्र कशाला घ्यायचं? मी स्वतः कुठं फुली मारली विचारशील. विरोधात. आपल्या विहिरीत ते देवानं घातलंय, नगरपालिकेनं नाही. ट्वेट आहे मी, एकदा म्हटलं ते म्हटलं.

आता बाबांना तू सांग. माझ्यानं होणार नाही. लोभ झाकलेला होता तो उघडते आहे.

तुझी,
रॅग्ना


नॉर्थ रिज
६ एप्रिल १९५२

चि. रॅग्ना हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या मतदानाचे परिणाम आमच्या अंगणात रांग लावून उभे आहेत. फ्लोराइड हवं असलेले बरण्या घेऊन येतात आणि नको असलेलेही येतात, कारण हे नैसर्गिक आहे. दोघं रांगेत भांडतात. अर्लीन त्यांना बादल्या उपसून देते आणि तिला वासरू मिळण्याची चिन्हं आहेत.

आर्डिस काल ताटभर लेफ्से घेऊन गोर्स्कीबाईंकडे गेली. संध्याकाळपर्यंत परतली नाही. दोघींचं हसणं गोठ्यात ऐकू येत होतं. मला फक्त एवढंच म्हणाली, की मी उगाच इतक्या भांड्यांना पोचे पाडून ठेवले.

बाबांना सांगितलं. त्यांनी मान्य केलं नाही. डॉक्टरला काय कळतं, रक्त ते रक्त, म्हणाले. मग मला सुचलं तसं विचारलं, आजी तर नॉर्वेत वाढली, तिच्या दातांवर डाग होता का? आपण पाहिली तेव्हा तिच्या तोंडात एकही दात नव्हता, म्हणून मला ठाऊक नाही. बाबा उठले आणि गोठ्यात जाऊन बसले. तेव्हापासून तिथंच बसून असतात. अक्रोडही नको म्हणतात. मी फार बोललो का गं?

लोभ असू दे, आज मला त्याची गरज आहे.

तुझा,
सेल्मरदादा


नॉर्थ रिज
ईस्टर, १३ एप्रिल १९५२

चि. मार्लिस हिस,
आजोबा हाल्वर ट्वेट यांचे आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. सोबत पेटी आहे, आधी ती उघड.

मी शाळेत होतो तेव्हा पोरं माझ्या डागाला हसायची. तंबाखू खाऊन आलास का विचारायची. मी रडत घरी आलो. आईनं मला गोठ्यात दुधाच्या पालथ्या बादलीवर बसवलं आणि सांगितलं की रडू नकोस, ही ट्वेटांची खूण आहे, खऱ्या ट्वेटालाच ती असते, तुझ्या बापालाही आहे. बापाच्या मिशा एवढ्या की त्याचे दात कुणी पाहिलेच नव्हते. मी विश्वास ठेवला. जन्मभर ठेवला.

सेल्मरनं विचारलं म्हणून आठवलं. मला समजावताना आई हसली होती. तिच्या अंगावर हाच ब्रोच होता, रविवार होता तो. तिचे दात तुझ्यासारखे होते, पोरी. पांढरे. तुझ्यासारखेच पुढचे दोन जरा मोठे. इतकी वर्षं मी ते विसरलो होतो.

डॉक्टरचं मी अजून मानत नाही. पण लग्नात तोंड उघडून हस. मी पुढच्या बाकावर आहे.

मुलं झाली की उन्हाळ्यात इकडे पाठव. विहिरीचं पाणी मी स्वतः काढून देईन. डाग पडले नाहीत तरी पाठव.

तुझा,
आजोबा