झाकलेला ग्लास

प्रिय वन्सं,

हाक जुन्या वळणाची, बाकी सगळं अगं-तुगंच. मी लग्न होऊन आले तेव्हा तुझ्या वेण्या मीच घालायचे, आता अहो-जाहो कुठून जमणार? सकाळपासून हे पत्र लिहायला बसते आणि उठते. चहा केला, तो गार झाला. ओटा पुसला, तो स्वच्छच होता. फोनवर तू हसशील आणि मी विषय बदलेन, म्हणून लिहितेय.

तूच म्हणालीस, ‘वहिनी, दादाला जाऊन इतकी वर्षं झाली, किती दिवस त्या कवळ्यांशी बोलत बसणार? कोपऱ्यावरच्या बारमध्ये जा, चार माणसं भेटतील.’ तुला काय जातंय सांगायला! तरी गेले. दर शुक्रवारी लॅबमधलं कवळ्या बनवायचं काम संपलं की हातावर वाळलेलं प्लास्टर खरवडून धुवायचं, तिथं जाऊन उंच स्टुलावर चढायचं आणि एका बिअरवर संध्याकाळ काढायची. जिवाला स्वस्थता नाही गं. दार वाजलं की मान वळते. कुणी हसलं की मी आधी दात बघते. एक देखणा गृहस्थ लांबून हसला आणि त्याची खालची कवळी सैल दिसली. झालं, तिथंच संपलं प्रेम.

पण बोलायला कुणी येईचना. शेजारचं स्टूल रिकामं असताना माणसं उभ्यानं प्यायची. मी लिपस्टिक पुसली, पुन्हा लावली. वाटलं, वय कपाळावर लिहिलंय आपल्या. रागही आला, तुझा आणि तुझ्या दादाचाही. माणसानं असं अर्ध्यावर सोडून जावं का?

शेवटी त्या बारवाल्या बाईनंच विचारलं, ‘ताई, तुमचे ते बाहेर जाऊन इतका वेळ करतात तरी काय?’ माझे ते? मी बघतच राहिले. तिथली रीत अशी की कुणी सिगारेट ओढायला बाहेर गेला, तर ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती ग्लासावर ठेवून जातो. म्हणजे परत येतोय, जागा भरलेली आहे. आणि मी प्रत्येक घोटानंतर चकती ग्लासावर ठेवत होते! सगळ्यांना वाटायचं, हिचा माणूस बाहेर गेलाय, ही त्याचा ग्लास राखतेय आणि मधूनमधून चोरून पितेय.

मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग ते पाणी थांबेना. कारण ही सवय माझी नाहीच, दादाची. आणि तिचं मूळ तू. पाच वर्षांची असताना त्याच्या पाण्यात गोगलगाय टाकलीस, आणि दिसायला तूही गोगलगायच, कुणाला संशय येईना. तेव्हापासून त्यानं जन्मभर प्रत्येक ग्लास झाकला. त्याचं बघून मी. तो गेल्यावरही मी तशीच राहिले बघ, जणू तो जरा बाहेर गेलाय.

काल पुन्हा गेले. चकती पर्समध्ये टाकली. हात सारखा ग्लासाकडे जायचा, तो मांडीखाली दाबून बसले. थोड्या वेळानं एकजण आला, लिफ्ट दुरुस्त करणारा. बसण्याआधी त्यानं विचारलं, ‘इथं कुणी येणार आहे का?’ मी ‘नाही’ म्हणाले. एवढासा शब्द! त्याचा समोरचा एक दात कुणीतरी वाईट बसवलाय, रंग जुळत नाही. मला तो तसाच आवडला. येत्या शुक्रवारी पुन्हा भेटायचं ठरलंय.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. भीती त्याची नाही, तुझी आहे. जा म्हणणं वेगळं आणि खरंच गेलेली बघणं वेगळं. मी दादाची म्हणून तुझी झाले. उद्या दुसऱ्या कुणाच्या शेजारी बसले तर तू मला काय हाक मारशील, एवढंच विचारायला हे सगळं पुराण लावलं. शुक्रवारी ये. हवं तर आमच्या मधल्या स्टुलावर बस. माणूस पटला नाही तर खुशाल त्याच्या ग्लासात गोगलगाय टाक, मी बघून न बघितल्यासारखं करीन. पण त्याच्यासमोर मला वहिनीच म्हण.

तुझीच,
अजून तरी वहिनी