ढेलजेतला बाक

३ फेब्रुवारी

"ढेलजेतच थांब. आत यायचं काम नाही."

आई म्हणाली होती, सतरा वर्षांपूर्वी. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोचले होते. तेव्हा जुन्या शब्दकोशाची प्रुफं हातात होती. "एवढी चार पानं झाली की निघते," असं फोनवर सांगितलं होतं.

आज नव्या कोशासाठी 'ढ'ची कार्डं तपासताना तो शब्द समोर आला.

४ फेब्रुवारी

ढेलज : घराच्या पुढच्या दाराशी असलेली छपराखालची जागा. मूळ फारसी, दहलीज — फाटक आणि घर यांच्यामधली जागा.

इथवर ठीक. बोलण्यातला दाखला नाही.

संपादक म्हणाले, "शुक्रवारपर्यंत जिवंत माणसाच्या तोंडचं वाक्य आणा, बाई. नाहीतर गाळा. हल्ली सगळे पोर्चच म्हणतात."

एक वाक्य आहे माझ्याकडे. ते देणार नाही.

५ फेब्रुवारी

काही नाही. भांडी घासली.

६ फेब्रुवारी

घरी गेले. म्हणजे ढेलजेत. तोच बाक, जुन्या छत्र्या, दादाचे बूट. वर्षातून दोनदा जाते. बाकावर बसते, वहिनी चहा आणते, आई आतून खोकते. झालं!

वहिनीला काम सांगितलं. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही मागितलंत, तेही शब्दाचा अर्थ! धन्य आहात, वन्सं."

ती आत गेली. दार अर्धवट उघडं राहिलं.

"आई, ढेलज म्हणजे काय हो?"

"कोण विचारतंय?"

"कोशवाले."

मग आईचा आवाज — सपाट.

"लिहून घे म्हणावं तिला. ह्यांना शेवटी खोलीत राहवेना. पोरगी फाटकातून येताना दिसली पाहिजे, म्हणाले. ढेलजेतल्या बाकावर बसवलं. तिथेच गेले."

हाच बाक!

मी उठले. कप हातातच होता. दादा तर म्हणाला होता, झोपेत गेले, काही कळलं नाही त्यांना.

रडू आलं नाही. चहा संपवला आणि निघाले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कार्ड भरलं. दाखला : 'ढेलजेतल्या बाकावर बसवलं.' पुढचं लिहिलं नाही.

संपादक खूश. "वा! वाचला म्हणायचा शब्द."

८ फेब्रुवारी

उद्या पुन्हा जाते. बाकावर बसणार नाही, वहिनीला मध्ये घालणार नाही. दाराशी उभी राहून स्वतः विचारणार. नाहीच म्हणेल, ठाऊक आहे.

आई, मी आत येऊ?