गुंडभर मतांचा निकाल

करडी, मंगळवार

प्रिय साळेबुवा केवळराम यांस अनेक आशीर्वाद.

हात एकच असून दोन्ही उमेदवारांना खूश ठेवावे लागणाऱ्या तमाम तलावकाठच्या शेतकरी बंधूंनो (म्हणजे तूर्त तुम्ही एकटेच, पण मला सुरुवात अशीच जमते), आपले दुखणे एक आहे. मत आपण देतो आणि मोजणी झाली की ते कोणाला गेले हे आपल्यालाच सांगता येत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? आंबागडच्या पाणी समितीला तुम्ही उभे राहिलात आणि तुमचीही मोजणी वादात गेली, हे कळले. आमचा वाद कसा मिटला, असे विचारलेत. मिटला खरा. काल तुडुमाचे दार उघडले, तलावाचे पाणी धानाच्या बांध्यांत शिरले आणि तीन आठवड्यांनी मी पोटभर जेवलो.

आमच्या पाणी समितीच्या अध्यक्षपदाला उमेदवार दोन, मी आणि सुखराम. सुखरामची बांधी तुडुमाला लागून पहिली, माझी मधली. सभासद एकाहत्तर. हात वर करून मतदान झाले तेव्हा सुखरामला अठ्ठावन्न हात आले आणि मला चोपन्न. (ज्याच्या शेताच्या धुऱ्यावरून रोज जायचे, त्याच्या तोंडावर हात खाली कसा ठेवायचा?) मी फेरमोजणी मागितली. तोवर लोकांना आणखी वाईट वाटू लागले होते, त्यामुळे दोघांचेही हात वाढले. ठरावाप्रमाणे नवा अध्यक्ष ठरेपर्यंत तुडुमाची चावी कपाटात बंद होती. इकडे धान लोंबीवर आलेला आणि बांधीतल्या भेगांत पायाचा अंगठा जाईल अशी गत. आणखी आठ दिवस गेले असते तर गावभर दाण्याविना नुसती तणस कापावी लागली असती.

मग मी उठलो आणि गुप्त मतदानावर चाळीस मिनिटे बोललो. (ग्रीसपासून सुरुवात केली होती. सुखराम म्हणाला, "मास्तर, करडीवर कवा येता जी?") ठरले असे की पडद्यामागे पाणी भरायचा पितळी गुंड ठेवायचा. मला मत म्हणजे धानाचा एक दाणा, सुखरामला म्हणजे लाखोळीच्या कडधान्याचा एक दाणा, आणि दाणा ज्याने त्याने घरून आणायचा. जगातल्या कोणत्याही शहाण्या माणसाला यात खोट दिसली नसती.

पहिल्या आल्या चंद्रभागाबाई. यांची बांधी तलावाची अगदी शेवटची. पाणी पोचले तर पोचले. त्यांनी गुंडाला हात जोडले आणि पसाभर दाणे टाकले. पडद्याबाहेर सळसळ ऐकू आली. मी धावलो, तर म्हणाल्या, "दाणा एक टाकतेत का भाऊ? दारी आलेल्याले पसाभर देतो, अन् तुमाले एक?" ती सळसळ ऐकल्यावर रांगेत चिंगूस कोण ठरणार? गुंड भरला, मग बादली भरली. एकाहत्तर मतांचे साडेतीन पायली निघाले. सुखराम म्हणाला तोला, मी म्हणालो मोजा (लाखोळी जड, धान बारीक), आणि दुपारपर्यंत आम्ही दोघे एकमेकांच्या आजोबांपर्यंत पोचलो होतो.

तेव्हा चंद्रभागाबाई उठल्या. "मले एकच सांगाचं हाय. ज्याच्या हाती चावी, त्याच्या बांधीले पाणी सगळ्यात शेवटी. आता सांगा, कोण उभा हाय?"

सुखरामला अचानक कंबरदुखी आठवली. मीही लोकशाहीच्या व्यापक हितासाठी माघार घेतली, आणि खरे सांगतो, छातीवरचा धोंडा उतरला. चावी बाईंकडे गेली. त्यांचे पाणी आधीही शेवटीच होते. काल संध्याकाळी ते त्यांच्या बांधीत घोटाभर उभे होते, कारण वरच्या प्रत्येकाचे पुरे झाल्याशिवाय त्यांचे येत नाही आणि त्यांचे आल्याशिवाय त्या चावी फिरवून तुडूम बंद करत नाहीत.

तुमचा,
घनश्याम

ता. क. मते तुमच्या ताईने, मंदाबाईने, सुपात घेऊन निवडली. लाखोळी दोन पायली, धान दीड. शिवाय आमच्या लाखोळीच्या डब्यात पसाभर खड्डा आहे. मी विचारले. मंदाबाई म्हणाली, "तुमी निवडून आले असते तर पाणी सोडाच्या आधी भाषण झालं असतं. तवरिक धान वाळून गेला असता."

ता. क. २. बांधी तुमची पहिली आहे, केवळराम, आणि ताईचे म्हणणे आहे की भाषणे तुम्ही माझ्याकडूनच शिकलात. येत्या सोमवारच्या सभेत मोजणी मागू नका. सभेत उठून उभे राहा, आणि चावी शेवटच्या बांधीवाल्याच्या हातात द्या.