कुणाच्या हाताची लस

तात्या,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आणि मी आज लिहायला बसले आहे. दुपार आहे, घरातली बाकीची जेवून आडवी झाली आहेत. माजघरात उजेड कमी आहे, पण ओसरीवर बसून लिहिणारी बाई ठाण्यात अजून कुणी पाहिलेली नाही, आणि ती पहिली मी व्हावं अशी माझी मुळीच इच्छा नाही. कागद मुलाच्या वकिलीतले पाठकोरे आहेत. त्याला कळलं तर तो रागावणार नाही, फक्त विचारेल, आई, कुणाला लिहितेस?

गेल्या सोमवारी आमच्या आळीत दवाखान्याची दवंडी फिरली. देवी काढण्याचा, लस टोचण्याचा, हंगाम होळीला संपतो, ज्यांची मुलं राहिली असतील त्यांनी येत्या गुरुवारी सकाळी आणावीत, पुढे कार्तिकापर्यंत काम बंद. मी आत डाळ निवडत होते. हात थांबले. दवंडीची भाषा मात्र अगदीच सरकारी होती. ‘इसम’ काय, ‘सबब’ काय. तुम्ही ऐकली असती तर दवंडीवाल्याला थांबवून दुरुस्त केली असती.

कल्याणच्या दवाखान्यातले तुमचे दवंडीचे ऋतूऋतूंचे कागद मला अजून पाठ आहेत. ज्येष्ठात पाण्याचा कागद: विहिरीचं पाणी गाळून, उकळून प्यावं, जुलाब-वांती सुरू होताच मांत्रिकाकडे न जाता इकडे यावं. भाद्रपदात हिवतापाचा: कोयनेलची पूड आली आहे, कडू आहे म्हणून टाकून देऊ नये. कार्तिकात देवीचा. माझं लग्न झालं होतं, पण सासरी नांदायला जायचं होतं, त्या दोन-तीन वर्षांत तुम्ही सांगायचात आणि मी सुवाच्य अक्षरात उतरवायचे. एकदा मी ‘रोगग्रस्त जनांनी त्वरित आगमन करावे’ असं लिहिलं. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुम्ही कागद परत माझ्यासमोर ठेवलात. “अगं, हे आजारी माणसाला ऐकायचं आहे. त्याला ‘या’ म्हण.” मी रुसले, दोन दिवस कागद लिहिले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून माझ्यासाठी बोरूची नवी जुडी आणलीत. माफी मागणं तुम्हाला जमत नव्हतं, ते तसंच व्हायचं.

मला लिहायचं आहे ते त्या कार्तिकातल्या गुरुवारचं. मी पहिल्या बाळंतपणाला आले होते, बाळ पाच महिन्यांचं होतं, सासरहून न्यायला माणूस येणार येणार म्हणून अडकून पडले होते. तुमच्या कामाची रीत घरातल्या मांजरालाही माहीत होती. एका मुलाच्या दंडावर देवी टोचायची, आठव्या दिवशी फोड भरला की त्यातली लस नश्तराने काढून पुढच्या मुलांना टोचायची, त्यांच्या हातांवरून पुढच्या गावाला. माळ तुटली की हंगाम गेला. मुंबईहून काचेच्या नळीतून लस मागवावी तर ती वाटेतच उन्हाने मरायची. आणि गावाची रीतही सगळ्यांना माहीत होती. मूल निरोगी आहे का, हे कुणी विचारत नसे. हात कुणाचा, म्हणजे कुठल्या जातीचा, एवढंच विचारत.

त्या सकाळी भरलेला एकच हात होता, खाडीकाठच्या पाड्यातल्या आगरी बाईच्या मुलीचा. बाकीच्या आयांनी आठव्या दिवशी मुलं लपवली होती, लस काढली की पोराची शक्ती जाते म्हणून. ही बाई उजाडताच चालत आली होती. आणि गावातली जी मुलं टोचून घ्यायला यायची होती त्यांतलं एकही आलं नाही, कारण आगऱ्याच्या पोरीचा हात आहे ही बातमी तुमच्याआधी आळीत पोचली होती. त्या दिवसांत आंबिवलीच्या बाजूला देवी पसरली होती. तुम्ही दुपारपर्यंत वाट पाहिलीत. मग घरी आलात, स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिलात आणि म्हणालात, “बाळाला घेऊन चल.” आई म्हणाली, “अहो, व्याह्यांना काय सांगायचं?” तुम्ही मागच्या दाराकडे वळलात. मी तव्यावरची भाकरी उलटायची सोडून उठले. मला तेव्हा फार धीट वाटलं होतं, तात्या. धीट असणं माहेरी फार सोपं असतं.

मागच्या दाराने आपण दवाखान्यात गेलो. ती बाई पायरीवर बसली होती, पोर मांडीवर, पोरीच्या दंडावर टपोरे फोड. तिने माझ्याकडे पाहिलं, बाळाच्या पैंजणांकडे पाहिलं, तिला सगळं कळलं. “घ्या ना तात्या,” ती म्हणाली. “माजी दोन पोरां देवीनं नेली. हिचे हातान भरपूर हाय. तुमचे नातवाला दिला त माजा काय कमी होतंय?” तुम्ही नश्तर पुसलंत. पोर रडलीसुद्धा नाही, माझ्या मुलाने मात्र दवाखाना डोक्यावर घेतला. दोन ठिकाणी टोचून झालं आणि ती बाई मला हसून म्हणाली, “आता दोगां भाव-बहीण झाली गो.” मी पण हसले. तुम्ही हसला नाहीत.

पुढच्या गुरुवारचं आठवलं की मला अजून हसू येतं. तुमच्या नातवाचा हात आहे म्हटल्यावर दवाखान्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा राहिली नाही. त्याला स्वतःला लस कुठून मिळाली, हे कुणी विचारलं नाही. ज्यांनी आठ दिवसांपूर्वी दारं लावून घेतली होती ती सगळी सोवळी मंडळी मुलं घेऊन रांगेत. “आपल्यातला हात आहे, आता हरकत नाही,” असं बायका एकमेकींना सांगत होत्या. मी बाळाला मांडीवर घेऊन बसले होते आणि त्याच्या दंडावरून त्या आगरी पोरीची लस एकेकाच्या घरात जात होती. संध्याकाळी स्वयंपाकघरात मी आईला हे खिदळत सांगत होते, तेवढ्यात तुम्ही आत आलात. तुम्ही माझ्यावर आवाज चढवलेला तो एकच प्रसंग. “हसू नकोस. तुझ्या तोंडून एक शब्द बाहेर गेला तर उद्यापासून एक मूल यायचं नाही. आणि तुला सासरी उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत.” तुम्ही माझा हात धरून बाळाच्या डोक्यावर ठेवलात. मी शपथ घेतली. आई चुलीकडे तोंड करून उभी होती.

मला आता वाटतं, तात्या, तिथे तुमची चूक झाली. रागावू नका. त्या हंगामात तुम्ही शेकडो मुलं वाचवलीत, मला मान्य आहे. पण गाव तुमच्याकडून काय शिकलं? हात आपल्यातला असला की लस चांगली असते, हे शिकलं. तुम्ही त्यांना हवं ते ऐकू दिलंत आणि ते खरं धरून बसले. माझ्या सासरीही तेच झालं. विचारलं तेव्हा मी सांगितलं, आपल्यातल्याच मुलाच्या हाताची. सासऱ्यांचं समाधान झालं. नवऱ्याचंही झालं, ते गेले तेव्हाही त्यांचं समाधान तसंच होतं. आणि मुलगा हे ऐकतच मोठा झाला.

तो चांगला आहे. तुम्हाला आवडला असता. त्याला तुम्ही आठवता, त्याच्या दंडावरचे दोन वण तो अजून दाखवतो, आजोबांच्या हातचे म्हणून. त्याला इंग्रजी येतं, कोर्टात साहेबासमोर उभा राहून बोलतो, आणि तरी सकाळी माझ्या हातचं सोवळ्यातलं जेवण असल्याशिवाय बाहेर पडत नाही. त्याला मुलगी झाली आहे, सहा महिन्यांची. डोळे तुमचे आहेत. देवी काढायलाच हवी असं तो स्वतः म्हणतो, आळीतल्या चार जणांना पटवतो. फक्त हात घरंदाज हवा. “आजोबांनी मलासुद्धा आपल्यातल्याच हाताची टोचली ना, आई?” पौषात त्याने चारचौघांत विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “हो रे.” मग तो थांबला. माघ गेला, फाल्गुन लागला. मनासारखा हात मिळेना. कळव्याला देवी आल्याचं दूधवाली सांगून गेली, खाडीच्या या अंगाला यायला किती वेळ लागतो ते मला कुणी सांगायला नको.

दवंडी झाली त्याच सोमवारी सुनेने दवाखान्यातून चौकशी करून आणली. गुरुवारी भरलेला हात एकच आहे, मिठागरावरच्या एका आगरी घरातला. मुलगा म्हणाला, आता कार्तिकातच बघू. आणि कोर्टात गेला.

सून फार बोलत नाही. मला वाटायचं तिला काही कळत नाही, सासवांना असं वाटायला बरं वाटतं. बुधवारी दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली. मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती. “सासूबाई,” ती म्हणाली, “तुमच्या वडिलांनी यांना खरंच आपल्यातल्या हाताची टोचली होती का? खरं सांगा. मी कुणाला बोलणार नाही. तुम्ही नुसतं नाही म्हणा, मी उद्या हे गेल्यावर हिला घेऊन जाते. पुढचं माझं मी बघेन.”

तिने आणखी काही मागितलं नाही. मान हलवली असती तरी चाललं असतं. मी तिच्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि म्हटलं, “अगं, असं काय विचारतेस? आपल्यातलाच हात होता.” तिने मुलीचं दुपटं सारखं केलं. मग मुलीला उचलून आत गेली.

मी माझी समजूत घालते की तुमच्या शपथेने मला बांधलं आहे. इतकी वर्षं तेच सांगत आले आहे. पण शपथ घ्यायला लावणारे तुम्ही वीस वर्षांपूर्वी गेलात, ज्याच्या डोक्यावर हात ठेवला तो धडधाकट आहे, आणि ज्या माळेसाठी ती घेतली ती माळ कधीच संपली. मला भीती वाटली ती एवढीच, की उद्या हे फुटलं तर माझा मुलगा माझ्या हातचं पाणी घेणार नाही. या घरात माझं म्हणून तेवढंच आहे. त्या आगरी बाईने दोन पोरं गेल्यावर तिसरीचा हात पुढे केला होता. मला नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं.

हे पत्र संध्याकाळी चुलीत जाईल, ते ठरलेलंच आहे. काल गुरुवार होता, तात्या. सून सकाळपासून मुलीला न्हाऊमाखू घालून, टोपडं बांधून दवाखान्याची वेळ टळेपर्यंत माझ्यासमोर येजा करत होती, आणि मी खाली मान घालून पापड लाटत बसले होते.