रामूच्या आईचं इरलं

शनिवार, कासार आंबोली

ती गाठ डोक्यातून जातच नाही. आईला घेऊन राजवाड्यातलं नवं कलादालन बघायला गेले होते. आईनं चपला दारातच काढल्या, राजाचं घर म्हणून! आत कसल्या कसल्या आधुनिक कलाकृती, आणि मधोमध झुंबराखाली टांगलेलं एक इरलं. भात लावताना पावसात पाठीवर घेतात तेच, बांबूचं आणि पानांचं. खाली पाटी: ‘कारागीर अज्ञात’.

आईनं मान वर करून काठ निरखला. “अगं, उलट्या पिळाची गाठ हाय. आपल्या शेजारची रामूची आई! तिच्याबिगर कुणी अशी मारत नव्हतं.”

मी तावातावानं दालन सांभाळणाऱ्या बाईंना गाठलं. अज्ञात कशी? आमची शेजारीण होती!

त्या शांतपणे म्हणाल्या, “नाव सांगा, आजच पाटी बदलते.”

मी आईकडे बघितलं.

“आमी सगळी रामूची आईच म्हनायचो गं,” आई पुटपुटली.

गाठ ओळखली, नाव माहीत नाही. मग पाटीवर कशाला चिडले मी?

रामूदादा आता कासारसाईला असतो. उद्या सकाळीच स्कूटर काढते. त्याच्याकडून नाव घ्यायचं आणि थेट राजवाडा. पाटीवर तिचंच नाव लागेल. रामूचं नाही.