खिळ्यावरचं घड्याळ

रविवार, दिवेलागण

पुण्याचे पाहुणे चारला गेले. गाडीत बसताना म्हणाले, "किल्ला छान दाखवलात, पण आईंच्या हातची भाकरी एकदम भारी." मी हसलो. पण तो खिळा काही डोळ्यांपुढून हलत नाही.

मागच्या खेपेला परंड्याचा किल्ला दाखवून असंच एक कुटुंब घरी जेवायला आणलं होतं. भिंतीवरची बुद्धाची तसबीर बघितली आणि सगळ्यांना एकदम उपवास आठवला. आईच्या भाकरी तशाच राहिल्या. म्हणून आज सकाळी तसबीर मीच उतरवून कपाटात ठेवली. आईला विचारलंसुद्धा नाही. खिळा तेवढा काढायचा राहिला.

आजच्या बाईंनी नेमकं विचारलं, "इथं काय होतं?"

"घड्याळ. दुरुस्तीला दिलंय."

आई वाढत होती. तिचा हात थांबला नाही. आजचे लोक तसे नसतीलही. मग मी कुणाला भ्यालो?

मगाशी तसबीर परत लावायला गेलो, तर आई चुलीपासूनच म्हणाली, "राहू दे. आदुगर घड्याळ आणून लाव तिथं. माझा पोरगा खोटा पडाय नको."